रांगोळी कालवलेली माती

अण्णा, ती चाळण तुम्ही माझ्यापुढे सरकवलीत तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. बोलले नाही, कारण तेव्हा मी कुणाशीच बोलत नव्हते. ह्यांचं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते, तुम्ही आणि आई मला कळव्याहून वाशीला घेऊन आला होतात, आणि मी आपली दिवसभर मागच्या खोलीत बसून असायचे. पुढच्या खोलीत उजेड होता, पंखा होता, माझी गादीही आईनं तिथेच घातली होती. पण मागची खोली अंधारी, आणि तिथे तुमच्या मश्रूमच्या कंपोस्टच्या पिशव्या फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या. त्या वासामुळे भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. नाकाला पदर लावून दारातूनच "धीर धर गं बाई" म्हणायच्या आणि चहाला आईकडे वळायच्या. मला तेच हवं होतं. मला स्वतःला वास येतच नव्हता. भाताला चव नव्हती, पाणी गार आहे की कोमट तेही कळत नव्हतं, त्यात कंपोस्टचं काय घेऊन बसलात! अशात एका सकाळी तुम्ही आलात, घमेलं आणि चाळण माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "ही माती चाळून ठेव. खडे वेगळे काढ." बस्स. जेवलीस का नाही, झोपलीस का नाही, काही नाही. मी म्हटलं, हा माणूस आहे तरी कसला? लेकीचं कपाळ पांढरं झालंय आणि ह्याला खडे सुचतायत.

तेव्हा घरात एकच प्रश्न होता आणि तो सगळे माझ्या पाठीमागे बोलत होते. हे तुर्भ्याला ज्या केमिकल कंपनीत होते तिथले एक साहेब येऊन सांगून गेले होते की नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला आम्ही कामावर घेतो. पहिला मान बायकोचा. बायकोनं नको म्हणून लिहून दिलं तर भावाला. माझे दीर, भाऊजी, तेव्हा घरीच बसून होते. सासरच्यांनी कागद टाईप करून आणला होता, माझी सही तेवढी राहिली होती, आणि रविवारी येऊन ती घेऊन जातो असा निरोप त्यांनी दिला होता. त्यांना मी वाईट नाही म्हणणार. कावीळ होऊन कमावता मुलगा गेला, दुसरा रिकामा, आणि मी दोन वर्षांची लग्न झालेली, मूलबाळ नसलेली. त्यांच्या हिशेबात मी माहेरी गेले की सुटले. मी तरी काय वेगळं मानत होते? मी सही करणारच होते, अण्णा. नोकरी म्हणजे सकाळी उठायचं, वेणी घालायची, बस पकडायची, ज्या गेटातून हे आत जायचे त्याच गेटातून जायचं, लोकांनी बघितलं की मान खाली घालायची. एवढं सगळं कोण करणार? भाऊजी करतायत ना, करू देत.

तुम्हाला मी ती नोकरी घ्यावीशी वाटत होतं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आईनं सांगितलं. माझ्या केसांना तेल लावता लावता ती म्हणाली, "ते म्हणतात, आपण आहोत तोवर ठीक. उद्या आपण नसलो की ही कुणाच्या दारात बसणार?" मग स्वतःचंही सांगून टाकलंन, "मला विचारशील तर बायकामाणसानं कशाला त्या केमिकलच्या धुरात जायचं? पण माझं कोण ऐकतंय इथे!" तेल कानामागून ओघळत होतं आणि ते पुसायचंही माझ्या मनात आलं नाही. आईनंच पुसलं.

तुमचं सगळं आयुष्य कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलं. प्रोफेसर नव्हे, सहायक. मुलांच्या हातात नळ्या द्यायच्या, फोडल्या तर ओरडायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. लहानपणी एकदा मला तिथे घेऊन गेला होतात. निळा कागद तुम्ही एका पाण्यात बुडवलात आणि तो लाल झाला. मी टाळ्या वाजवल्या तर तुम्ही म्हणालात, "जादू नाही ही. पाणी आंबट आहे." एवढंच. तुमच्याकडून कौतुक काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं होतं. रिटायर होऊन वाशीच्या त्या बैठ्या घरात आलात तेव्हा वाशी म्हणजे मोकळे रस्ते, खाडीवरचा वारा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वाळूचे ढीग. तुम्हाला करायला काही नव्हतं. मग कुठूनतरी मश्रूमचं वेड डोक्यात शिरलं. पुण्याला जाऊन शिकून आलात, टेम्पोतून तयार कंपोस्ट मागवलंत, गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बी आणून त्यात मिसळलंत. खिडकीला ओलं गोणपाट लावलंत आणि मच्छीवाल्यांच्या बर्फाची लादी हातगाडीवरून आणून खोलीत ठेवलीत, कारण वाशीची थंडी ती काय थंडी! आई त्या सगळ्याला कुत्र्याच्या छत्र्या म्हणायची. "घरात कुत्र्याच्या छत्र्या पिकवणारा माणूस अख्ख्या वाशीत एकच, तो माझ्याच नशिबी."

मोदकपात्राचं भांडण तुम्हाला आठवत असेल. केसिंगची, म्हणजे कंपोस्टवर घालायची, माती वाफवून घ्यावी लागते, तिच्यातले किडे आणि नको त्या बुरश्या मरायला. तुम्ही सरळ फडताळातून मोदकपात्र काढलंत आणि त्यात शेणखत मिसळलेली माती भरायला लागलात. आई मोरीतून धावत आली. "अहो! गणपतीचा नैवेद्य होतो त्यात!" तुम्ही म्हणता, "वाफेला काय कळतं वर मोदक आहेत का माती?" त्यावर ती म्हणाली, "वाफेला नसेल कळत, गणपतीला कळतं." ती भांडी आपटत होती, तुम्ही गुपचूप पत्र्याचा डबा शोधत होतात, आणि मी दारात बसून दोघांकडे बघत होते. दुसरं कुणी असतं तर हसून लोळलं असतं. मला फक्त एवढं दिसत होतं की तोंडं हलतायत.

केसिंग म्हणजे काय हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कंपोस्टमध्ये बुरशीचे पांढरे धागे पसरून झाले की वर मातीचं एक पांघरूण घालायचं. ते घातल्याशिवाय अळंबी वर डोकं काढत नाही. आणि त्या मातीत खायला काही नसावं लागतं. "खाणं सगळं खाली," तुम्ही म्हणायचात, "वरची माती उपाशीच हवी. पाणी धरेल अशी, भुसभुशीत, ना आंबट ना खारट." खारटावरूनच तर तुमची पंचाईत झाली होती. घराभोवतीची सगळी जमीन खाडीत भराव घालून केलेली. तुम्ही गल्लोगल्ली फिरून मातीची चिमूट जिभेवर ठेवत होतात आणि थुंकत होतात. कोळंबी घेऊन येणारी बाई एकदा थबकली. "अवो बाबा, ही खाजनाची माती हाय. पोट भरत नाय काय घरात?" शेवटी तुम्ही पनवेलच्या पलीकडे करंजाड्याला, एका जुन्या ओळखीच्या माणसाच्या शेतातून दोन थैल्या माती भरून आणलीत. एसटीचा कंडक्टर म्हणे थैल्या आत घेईना. "यात काय हाय?" "माती." "माती? पनवेलवरून वाशीला माती नेताय?" हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा आई हसली होती. ह्यांना जाऊन इतके दिवस झाल्यावर ती पहिल्यांदा हसली आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाली.

तर ती करंजाड्याची माती मी चाळायला लागले. राग होता, पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. पहिल्या दिवशी अर्धी चाळली आणि तशीच टाकून भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी तुम्ही येऊन बघितलंत. चाळलेली, न चाळलेली, सगळी एकाच घमेल्यात. तुम्ही ओरडलात. हळू नव्हे, चांगले खणखणीत ओरडलात, कॉलेजात नळी फुटल्यावर ओरडायचात तसे. "करायचं नसेल तर नाही म्हण! अर्धवट करून माझं काम वाढवू नकोस." आई आतून आली. "अहो, काय बोलताय पोरीला? काही जनाची नाही, मनाची तरी!" तुम्ही म्हणालात, "माती बिघडली तर तुझी दया तिच्या काय कामाची?" आणि निघून गेलात. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण ते मला ऐकू आलं, अण्णा. इतके दिवस लोक माझ्याशी बोलायचे ते कापसातून आल्यासारखं यायचं, हे मात्र थेट कानात शिरलं. दुसऱ्या दिवशी मी सगळी माती पुन्हा चाळायला घेतली. खडे एका बाजूला, मुळ्या एका बाजूला, शिंपल्याचे तुकडे एका बाजूला. डोक्यात काही नव्हतं. हात चालत होते.

मातीत दोन प्रकारची पूड घालायची होती. जिप्सम तुम्हाला खताच्या दुकानात मिळालं, माती चिकट होऊ नये म्हणून. पण शेणखताचा आंबटपणा मारायला चुनखडीची बारीक पूड हवी, ती वाशीत कुठे मिळेना. विड्याचा चुना वाटीभर मातीत घालून पाहिलात तर तुमचा कॉलेजातला लाल कागद असा निळाशार झाला की तुम्ही मान हलवलीत. "हा जाळून टाकेल." मग तुम्हाला रांगोळी सुचली. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचीच पूड. बाजारातून पुडा आणलात, बशीत चिमूटभर घेतलीत, वर लिंबू पिळलंत. काहीच झालं नाही. "ही वाळू आहे नुसती," तुम्ही वैतागलात, "लोक दारात वाळू काढतायत, वाळू!" आणि मग तुम्ही माळ्यावरून आईचा डबा काढलात. तो तिच्या माहेरच्या रांगोळीचा, शिरगोळ्याचा मऊ पांढरा दगड कुटून केलेल्या. हे गेल्यापासून तिनं दारात रांगोळी काढली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत कशी काढायची म्हणून डबाच वर ठेवून दिला होता, आणि हे न बोलता आम्हा तिघांना माहीत होतं. तुम्ही त्यातली चिमूट बशीत घेतलीत, लिंबू पिळलंत. बारीक फेस आला. तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. "बघ! बघ, उकळतेय! हीच हवी."

आई आधी शेणखतात रांगोळी घालायला तयार नव्हती. लक्ष्मीची पावलं काढायची ती रांगोळी, म्हणे. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "हिला घालू दे. हिचा हात सारखा पडतो." आई एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "हिच्या हातात? रांगोळी?" पुढे बोललीच नाही. तिच्या माहेरी अशा बाईनं रांगोळीला हात लावायचा नसतो, हे ती माझ्या तोंडावर म्हणणार कशी? तुम्ही डबा तिच्या हातातून घेतलात आणि माझ्यापुढे ठेवलात. "कॅल्शियम आहे ते," म्हणालात. "त्याला काय कळतं कुणाच्या हातात आहे!" मी डब्यात हात घातला. बोटांनी आपसूक चिमूट धरली, रांगोळी काढताना धरतात तशी, आणि मातीवर एक सरळ पांढरी रेघ उमटली. तुम्ही म्हणालात, "रेघ नको ओढू. मुठीनं टाक, सगळीकडे सारखी." मग मी मुठीनं टाकली. मला रडू यायला हवं होतं त्या वेळी, आई तर पलीकडे तोंड करून रडतच होती. मला आलं नाही. रांगोळी थंड लागली हाताला, एवढंच. नंतर आपण दोघांनी ती माती खालून वर, खालून वर अशी कालवली, तुम्ही तिचं पाणी पेल्यात पिळून कागद बुडवलेत, आणि म्हणालात, "झाली. आता रविवारी घालू."

रविवार तुम्ही मुद्दाम धरलात का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. सकाळी पत्र्याच्या डब्यात माती वाफवून, झाकून, निववून ठेवली आहे. तुम्ही मला जंतू मारायच्या लाल औषधाच्या गुलाबी पाण्यात कोपरापर्यंत हात धुवायला लावलेत, नखं तपकिरी झाली आहेत. खोलीचं दार लोटलेलं. मी पाटावर बसून पिशवीतल्या पांढऱ्या, सायीसारख्या कंपोस्टवर माती पसरते आहे, मधल्या बोटाची दोन पेरं बुडतील एवढी, आणि मी ती सवयीनं थापायला लागते तसे तुम्ही म्हणता, "थापू नकोस, भाकरी आहे का ती? तिला श्वास घ्यायचाय." तेवढ्यात बाहेर आवाज येतात. मामंजी आणि भाऊजी आलेत. आई पाणी देते, खुर्च्या सरकवते. मामंजींचा खोकला ऐकू येतो. मग भाऊजी दारात येऊन उभे राहतात, हातात कागद घेतलेली फायल. त्यांनाही संकोच वाटतोय, ते मला तेव्हाही दिसत होतं.

"वहिनी, जास्त वेळ नाही घेत. सही तेवढी पायजे होती. बाबा बाहेर बसलेत. हात धुऊन जरा येता का?"

तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणता, "अहो, दार लावा आधी, धूळ येतेय आत. वाफवलेली माती उघडी राहून चालत नाही. बसा बाहेर, चहा घ्या, हिचं होईल एवढ्यात."

"अण्णा, दोन मिनिटांचं काम हाय हो. पुन्हा बस नाय मिळत."

मी पिशवीत हात घातलेली, मनगटापर्यंत माती. भाऊजी माझ्याकडे बघतायत, तुम्ही मातीकडे बघताय, आणि आई चहाची कपबशी घेऊन भाऊजींच्या मागे येऊन थांबलीय. मग मी बोलले. मान खालीच होती. म्हटलं, "सही नको, भाऊजी. मी जाणार आहे कामाला." माझाच आवाज मला अनोळखी वाटला, इतके दिवस वापरलाच नव्हता. भाऊजी "बरं," म्हणाले. दार अगदी हळू लावून घेतलं त्यांनी. बाहेर मामंजींचा आवाज चढला, आईचा रडवेला आवाज, चपलांचा आवाज. तुम्ही पुढची पिशवी माझ्यासमोर ओढलीत आणि म्हणालात, "कडेला कमी पडलीय, तिथे घाल." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

पुढचं मश्रूमचं काय झालं ते तुम्ही चारचौघांत कधी सांगितलं नाहीत, ते मी लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर आईनं देवपूजा केली आणि तुमच्या नकळत मागच्या खोलीत जाऊन सगळ्या पिशव्यांवर हळदकुंकू वाहिलं. घरातलं पहिलं पीक, आणि त्यातून लेकीनं कामाला जायचं म्हटलेलं. तिनं मनात जे काही मागितलं असेल ते चांगलंच असणार. पुढे पांढरी बटणं वर आली तेव्हा प्रत्येक पिशवीत मधोमध टक्कल. कडेनं अळंबी, आणि मधे रुपयाएवढी जागा कोरी. तुम्ही दोन दिवस डोकं खाजवलंत. मग मातीत पिवळी चिमूट दिसली. "अगं, हळद बुरशी मारते," तुम्ही आईला म्हणालात, "आणि ही सगळी बुरशीच आहे!" आई दाराशी उभी, कानकोंडी. आणि मला हसू आलं. फस्सकन आलं, आवरेना, पोट धरून हसले मी. जिथे जिथे हळदकुंकू पडलं तिथे काही उगवलं नाही, आणि माझ्या हातची रांगोळी मात्र भरभरून फुललेली! आईला वाटलं मी तिला हसतेय. ती स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. त्याचं मला फार वाईट वाटलं, अण्णा. वाईट वाटलं हे मला स्पष्ट कळलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तुम्ही तिच्या मागे गेलात आणि तिला ओरडला नाहीत. "पुढच्या वेळी लांबून नमस्कार कर," एवढंच म्हणालात. त्या रात्री तिनं त्या अळंबीला मटणासारखा मसाला घातला, आपल्या दोघांना वाढली, आणि स्वतः पिठलं खाल्लं. पुढच्या आठवड्यात ऊन तापलं आणि उरलेलं पीक खलास झालं.

महिना संपता संपता मी कामावर रुजू झाले. टाइम ऑफिसात बसवलं मला, हजेरीची कार्डं बघायला. पहिल्या दिवशी तुम्ही बसस्टॉपपर्यंत आलात आणि बस आल्यावर म्हणालात, "डबा विसरली नाहीस ना?" पहिल्या वर्षाचं मला तिथलं काही म्हणजे काही आठवत नाही. गेलीय आणि आलीय एवढंच. मग हळूहळू आठवायला लागतं: कॅन्टीनमधली उसळ, एक तोंडाळ मैत्रीण, बोनसच्या दिवशीचा गोंधळ. तिथूनच मी रिटायर झाले. भाऊजींना पुढे एका छापखान्यात लागलं, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मात्र स्वतः आले. मी गेले, पोटभर जेवून आले. स्वतःचं घर झालं माझं, कोपरखैरण्याला, लहानसं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडते. कुणाच्या दारात बसले नाही, अण्णा. ते तुम्हाला बघायला मिळालं नाही, मी कामाला लागल्यावर चारच वर्षांत तुम्ही गेलात. तुम्हाला न्यायला आलेली माणसंसुद्धा मला त्या रविवारचीच गोष्ट सांगत होती. तुम्ही म्हणे ती सगळ्यांना सांगितली होती, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, केस कापायला गेलात तिथेही. आमची मुलगी बघा, सासरचे कागद घेऊन दारात उभे, आणि हिनं मातीतून मान वर न करता एका वाक्यात आयुष्याचा निर्णय घेतला. माझ्यासमोर तुम्ही कधी ब्र काढला नाहीत आणि जगभर माझं कौतुक करत हिंडलात! मी ती गोष्ट ऐकत गेले. पुढे पुढे मीही ती तशीच सांगायला लागले, ऑफिसातल्या नव्या मुलींना, भाच्यांना. त्यांना ऐकायला आवडायची, आणि मलाही ती बाई आवडायची.

पण तुमच्याशी ते नको. हे पत्र काही पोस्टात पडायचं नाहीये, तेव्हा इथे तरी खरं सांगते. भाऊजी म्हणाले, हात धुऊन या. म्हणजे मी उठायचं, पाय आखडलेले, मोरीत जायचं, नखांतली माती काढायची, पदर सारखा करायचा, बाहेर जाऊन मामंजींच्या पाया पडायचं, ते रडणार, मग मी रडायला हवं, मग पेन, मग सही, मग चहा. आणि नाही म्हणायला काय लागत होतं? काहीच नाही. तोंड उघडलं की झालं. नोकरी, आयुष्य, तुम्ही, हे, यातलं काही माझ्या मनात नव्हतं. निर्णय वगैरे काही नव्हता तो, अण्णा. मला उठून हात धुवायचा कंटाळा आला होता.